सातशे मीटर

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, करडीच्या पलीकडच्या जंगलात, माझ्या नवऱ्यावर आग्या मोहोळाच्या माश्या तुटून पडल्या. नऊ वाजून आठ मिनिटांनी माणसं त्याच्यापर्यंत पोचली. या दोन तासांतली अठ्ठेचाळीस मिनिटं माझ्यामुळे वाया गेली. ती कशी गेली ते लिहिते आहे.

मी वीस वर्षं नागपूरच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानाचं काम केलं. बातमीदारांनी पाठवलेला मजकूर दुरुस्त करणं, आकडे तपासणं, मथळा देणं. नवरा भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या कारखान्यात फिटर. मुलगी शिकायला पुण्याला गेली, मी नोकरी सोडली आणि क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच उरलो. तेव्हा त्याने हा खेळ शोधून काढला. कोणीतरी एक छोटा डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवायचा. इंग्रजीत याला जिओकॅशिंग म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव ‘डबा’ एवढंच होतं. ‘या रविवारी डबा आहे’ म्हटलं की मी शनिवारीच पोळ्यांचं पीठ मळून ठेवायची.

आमच्या जिल्ह्यात असे डबे थोडेच. गोसीखुर्दच्या बाजूचे आम्ही पहिल्या हिवाळ्यातच संपवले. धरणाच्या फुगवट्याकाठी एक डबा होता. तिथे मासे पकडणाऱ्या दोघांनी आम्हाला तासभर दगड उलटताना पाहिलं आणि शेवटी विचारलं, ‘काही हरपलं काय भाऊ?’ नवऱ्याने सांगितलं, ‘किल्ली.’ मग ते दोघंही आमच्याबरोबर किल्ली शोधायला लागले. खोटं बोलावं लागलं, कारण खेळाचा तसा दंडक आहे. न खेळणाऱ्याला डब्याची जागा कळता कामा नये, नाहीतर डबा चोरीला जातो. त्यामुळे कोणी विचारलं की काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची आम्हाला सवय झाली होती.

त्या रविवारी आम्ही पावणेपाचला मोटारसायकलने निघालो. डबा करडीपासून काही किलोमीटरवर, गावाला लागून असलेल्या साध्या जंगलात होता. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या कोणीतरी ठेवलेला. तिघांनी तो शोधल्याची नोंद होती, तिन्ही नोंदी हिवाळ्यातल्या. मे महिन्यात तिकडे कोणीच गेलं नव्हतं. ही गोष्ट मी आदल्या दिवशी वाचली होती आणि तिच्यातून काहीच काढलं नव्हतं.

सहाला पोचलो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला फळी लागली होती. ठेकेदाराचा मुन्शी पानांचे पुडे जिथे मोजून घेतो आणि ते उन्हात वाळत घालतात, त्या जागेला फळी म्हणतात. मोटारसायकल आम्ही तिथल्या मोहाच्या झाडाखाली लावली. पानं तोडायला निघालेल्या एका बाईने आम्हाला हटकलं. वय साठीच्या आसपास, कमरेला पानांसाठी बांधलेली ओटी, हातात पाण्याची बाटली.

‘कुठी जाऊन राहिल्या बाई?’

‘पाखरं पाहायला,’ मी म्हणाले.

‘पाखरं तं बोडीवर असतात. तुमी तं टेकडीकडं तोंड करून राहिल्या.’ बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मग तिची नजर नवऱ्याच्या हातातल्या जीपीएसवर गेली. ‘अन् साहेबाच्या हातात रिमोट कायचा आहे? जंगलात टीव्ही लावता काय?’

तिच्याबरोबरच्या बायका हसल्या. नवराही हसला. ‘चॅनल लागते काय पाहतो, मावशी,’ म्हणाला. तिने दोनदा मागे वळून पाहिलं, मग डाव्या हाताच्या पायवाटेने निघून गेली. आम्ही उजवीकडे वळलो.

पुढचा पाऊण तास मी जंगल पाहिलं नाही. हे मला नंतर कळलं. मी जीपीएसचा पडदा पाहत होते. बाण, खाली अंतर. चारशे मीटर, तीनशे दहा, एकशे ऐंशी. नवरा पुढे, मी मागे, आणि दोघांत एकच आकडा. टेकडीच्या उतारावर घराएवढा एक खडक होता. इंटरनेटवर डब्याची खूण दिली होती: कपारीत, कमरेच्या उंचीला. म्हणून आम्ही दोघंही कमरेच्या उंचीला पाहत होतो. वर, खडकाच्या पुढे आलेल्या भागाखाली मोहोळ होतं. काळं, हातभर रुंद. मी ते पाहिलं तेव्हा त्याचा पृष्ठभाग हलत होता. नवऱ्याने कपारीत काठी घातली होती आणि काठीचं वरचं टोक खडकावर आपटत होतं.

विदर्भात उन्हाळ्यात बाहेर पडणारी प्रत्येक बाई तोंडाला दुपट्टा गुंडाळते, फक्त डोळे उघडे. मीही गुंडाळला होता, पूर्ण बाह्यांचा सदरा होता. मला अकरा डंख झाले. त्याने टोपी घातली होती आणि अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. त्याने मला उताराकडे ढकललं, ‘पळ’ म्हणाला आणि स्वतः माझ्या मागे राहिला. आम्ही किती पळालो सांगता येत नाही. एका कोरड्या नाल्यात तो पडला. माश्या तिथेही आल्या. मी दुपट्टा सोडून त्याच्या तोंडावर टाकला आणि त्याच्या अंगावर पडून राहिले. काही वेळाने आवाज कमी झाला. मग थांबला.

त्याला मी एका झाडाला टेकवून बसवलं. मानेवर, कानांत, पापण्यांवर, टाळूवर काटे दिसत होते. नखाने खरवडून काढायला लागले. पन्नासपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. तो दोनदा ओकला. डोळे मिटत चालले होते, सुजेने.

‘मले दिसून नाही राहिलं,’ तो म्हणाला.

‘सूज आहे. उतरेल.’

‘तुले किती लागल्या?’

‘थोड्या.’

‘खोटं बोलून राहिली.’

मोबाइलला रेंज नव्हती. टेकडीवर असेल असं वाटलं. जीपीएसवर त्या जागेचे आकडे आले होते. मी ते पर्समधल्या कागदावर उतरवून घेतले, जीपीएस त्याच्या मांडीवर ठेवलं, पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि खडकाला लांब वळसा घालून टेकडी चढले. वर एक कांडी रेंज होती. रुग्णवाहिकेचा नंबर लागला.

‘गाव सांगा मॅडम.’

‘करडीच्या पुढे जंगलात.’

‘जवळची खूण?’

‘टेकडी आहे. नाला आहे.’

‘देऊळ, शाळा, पाण्याची टाकी असं काही?’

‘नाही. माझ्याकडे अक्षांश-रेखांश आहेत.’

पलीकडच्या मुलाने ते आकडे घेतले नाहीत. रस्त्यापर्यंत गाडी पाठवतो, पेशंटला रस्त्यावर आणा, म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. गाडी जंगलात येऊ शकत नव्हती.

मग मी आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या भाऊंना फोन केला. नवऱ्याच्याच सेक्शनला होते आणि त्यांची सासुरवाडी करडीची. ते म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही जागा पाठवा, मी साळ्याले पाठवतो, तो गावातच आहे.’ इंटरनेट चालत नव्हतं, त्यामुळे नकाशावरून जागा पाठवता येईना. साधा मेसेज जात होता. मी कागद समोर धरला आणि मेसेज लिहिला. सात चौतीसला तो गेला.

चूक इथे झाली. आमचं जीपीएस अंश आणि मिनिटं दाखवायचं आणि मिनिटांचा उरलेला भाग दशांशात द्यायचं. या खेळात सगळीकडे तशीच पद्धत आहे. अक्षांशात मिनिटांच्या पुढे होतं पाचशे बत्तीस, म्हणजे एका मिनिटाचे हजार भाग केले तर त्यातले पाचशे बत्तीस. पण वर्तमानपत्रात भूकंपाची किंवा वादळाची बातमी आली की आम्ही अंश, मिनिट, सेकंद असं लिहायचो. तीन आकडी दशांश मी वीस वर्षांत छापू दिला नव्हता. बातमीदाराने तसा पाठवला की मी तो नीट करायची. टेकडीवर उभ्या उभ्या माझ्या हाताने तेच केलं. पाचशे बत्तीसचे ५३.२ सेकंद झाले. खरे बत्तीस सेकंद व्हायला हवे होते. रेखांशाचंही तसंच. मजकूर स्वच्छ दिसत होता. मी तो एकदा वाचून पाहिला आणि बरोबर आहे असं ठरवलं.

खाली आले तेव्हा तो डाव्या कुशीवर पडला होता. बाटली सांडली होती. तळाशी चार बोटं पाणी राहिलं होतं, ते मी त्याला पाजलं. नाडी मोजली, एकशे तीसच्या वर. पुन्हा मोजायला लागले तर आकडा चुकला. वहीत सही करायला आणलेलं पेन होतं, त्याने मी कागदावर वेळा लिहीत राहिले. सात एक्कावन्न, उलटी. आठ पाच, थंडी वाजते म्हणाला. ऊन नाल्यात उतरलं होतं आणि तो थरथरत होता. मी त्याच्यावर सावली पडेल अशी बसले.

‘येऊन राहिले काय?’ त्याने विचारलं.

‘निघाले असतील.’

‘नंबर बरोबर पाठवला ना?’

‘हो.’

‘मंग येतील. तुह्यासारखा नंबर कोणी नाही पाठवत.’

आठ वीसला हाका ऐकू आल्या. पुरुषांचे आवाज, दोन किंवा तीन. मी उठून ओरडले. घशाला कोरड होती, आवाज फुटला. त्यांनी पुन्हा हाक दिली, पण ती टेकडीच्या पलीकडून येत होती. मी ओरडत राहिले. हाका एका जागी थांबल्या, थोडा वेळ तिथेच फिरल्या, मग लांब गेल्या. जिथे सांगितलं तिथे जाऊन ते शोधत होते आणि तिथे कोणी नव्हतं.

मी कागद काढला. वरच्या ओळीत जीपीएसवरून उतरवलेले आकडे होते, खाली मी तयार केलेला मजकूर. दोन ओळी एकाखाली एक पाहिल्यावर चूक दिसायला क्षणभरही लागला नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अशाच ओळी पाहिल्या होत्या. उत्तरेला साडेसहाशे मीटर, पूर्वेला अडीचशे. सरळ रेषेत सातशे. मधे टेकडी आणि तो खडक.

जीपीएस उचललं. पडदा काळा. सेल संपले होते. राखीव सेल मोटारसायकलच्या डिकीत होते.

‘मी पुन्हा वर जाते,’ मी म्हणाले. ‘पंधरा मिनिटं.’

त्याने माझं मनगट धरलं. बोटं इतकी सुजली होती की मुठीत जोर नव्हता, पण त्याने सोडलं नाही. ‘नोको जाऊ.’

‘ते चुकीच्या जागी शोधतात.’

‘शोधू दे. तू बस.’

‘मी नाही गेले तर ते परत जातील.’

मी त्याची बोटं एकेक करून उघडली. ते मला करावं लागलं. आजवर मी जे काही केलं त्यात त्याहून अवघड काही नव्हतं. नंतर जे घडलं तेही नाही.

टेकडीवर या वेळी रेंज आलीच नाही. दुरुस्त केलेला मेसेज तीनदा परत आला. फोनमध्ये सहा टक्के बॅटरी होती. मी फोन खिशात टाकला आणि हाका आल्या त्या दिशेने उतरायला लागले. दोनदा घसरले. तळाला पायवाट लागली आणि पायवाटेवर सकाळचीच ती बाई उभी होती. ओटी पानांनी भरलेली. तिच्यामागे करडीचे तीन तरुण. त्यांनाही तिनेच थांबवलं होतं, कारण ते मोबाइल हातात धरून झुडपांत फिरताना तिला दिसले होते.

‘साहेब कुठी आहे?’ तिने विचारलं.

मी कागद पुढे केला. आकडे चुकले, हे असे हवेत, असं त्या तिघांना सांगायला लागले. एकाने टाइप करायला घेतलं. गावात उघडलेला नकाशा इथे त्याच्याही फोनवर उघडेना.

‘तो कागद ठेव बाई,’ ती म्हणाली. ‘मले सांग. कोणत्या नाल्यात?’

मला नाल्याचं नाव माहीत नव्हतं.

‘नाल्यात वाळू आहे का गोटे?’

मी आठवून पाहिलं. मी त्या नाल्यात तासभर बसले होते. ‘वाळू,’ मी म्हणाले, आणि खात्री नव्हती.

‘वाळूचे तं दोन नाले आहेत. झाड कोणतं आहे तिथं?’

झाड. मी त्याला झाडाला टेकवलं होतं. पानं नव्हती, सावली पडत नव्हती म्हणून मी स्वतः सावली धरून बसले होते. साल हाताला गुळगुळीत लागली होती.

‘पांढरं,’ मी म्हणाले. ‘पांढरी साल. एकही पान नाही.’

‘कुलू,’ ती म्हणाली. ‘तिकडं एकच कुलू आहे.’ आणि लगेच, वेगळ्या आवाजात, ‘त्या खडकाकडं गेले होते काय तुमी? मोहोळाच्या?’

मी मान हलवली.

‘पाखरं पाहायले जातो म्हटलं तुनं. खडकाकडं जातो म्हणाली असती तं मी येऊच नसतं देलं. आमी फागणापासून तिकडं पाय नाही ठेवला.’ ती रागावली होती आणि बोलता बोलता चालायला लागली होती. ‘चाला रे. एक जण फळीवर पळा, मुन्शीची खाट आणा. अन् पाणी. टेकडीवरून नोका जाऊ, नाल्यानं चाला, नाहीतं अजून एक निजेल तिथं.’

तिने पानांची ओटी सोडून वाटेवरच टाकली. सकाळभराची तोड होती. मी तिच्या मागे धावत होते आणि ती चालत होती, तरी अंतर कमी होत नव्हतं.

नऊ आठला आम्ही पोचलो, पहिल्या हाकांनंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. तो पालथा पडला होता. त्या बाईने त्याला उलथवलं, तोंडातली वाळू बोटाने काढली आणि ‘आहे, जित्ता आहे,’ असं त्या मुलांना सांगितलं, मला नाही. खाटेवर घालून त्याला रस्त्यापर्यंत आणायला पस्तीस मिनिटं लागली. रुग्णवाहिका एक तास उभी होती.

भंडाऱ्याला डॉक्टरांनी विचारलं, चावून किती वेळ झाला. मी मिनिटं सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. संध्याकाळी लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. दुसऱ्या दिवशी झालीच नाही, म्हणून त्याला नागपूरला हलवलं. विषाने स्नायू विरघळतात आणि तो गाळ मूत्रपिंडांत बसतो, असं नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलं. मी त्यांना आकड्यांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, अठ्ठेचाळीस मिनिटं आधी सलाइन लागलं असतं तर?

‘सांगता येत नाही,’ ते म्हणाले. ‘विष तेवढंच होतं. लवकर आणलं असतं तर बरंच झालं असतं, एवढंच म्हणू शकतो.’

सहा आठवड्यांत मूत्रपिंडं सावरतात, असं पहिल्यांदा सांगण्यात आलं. नंतर तीन महिने म्हणाले. आता काही सांगत नाहीत. आठवड्यातून दोनदा आम्ही डायलिसिसला नागपूरला जातो.

कारखान्यातले लोक घरी भेटायला यायचे. तो प्रत्येकाला तीच हकीकत सांगायचा. आंधळा झालो होतो, मरत होतो, बायकोने टेकडीवर जाऊन नंबर पाठवला, म्हणून वाचलो. ‘डेस्कवरची बाई आहे,’ म्हणायचा, ‘आकडा चुकत नाही.’ शेजारचे भाऊ त्या वेळी चहाच्या कपाकडे पाहत. त्यांच्या मोबाइलमध्ये तो मेसेज होता. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. मीही नाही. चार महिने मी चहा आणत राहिले आणि ती हकीकत ऐकत राहिले. आमच्या वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापायची, असा नियम होता, आणि तो मी इतरांना शिकवला होता.

सप्टेंबरमध्ये, डायलिसिस चालू असताना, मी त्याला सांगितलं. मशीनला अजून दोन तास होते आणि त्याला उठून कुठे जाता येणार नव्हतं, म्हणून ती वेळ निवडली असेल. मी कागद दाखवला. दोन्ही ओळी. त्याने चष्मा मागितला आणि बराच वेळ वाचलं. तो फिटर आहे, मोजमाप त्याला कळतं.

‘किती मिनिटं?’

‘अठ्ठेचाळीस.’

‘डॉक्टरले सांगितलं?’

‘पहिल्याच आठवड्यात.’

‘काय म्हणाला?’

‘सांगता येत नाही, म्हणाले.’

पलीकडच्या खाटेवरचा माणूस मोबाइलवर क्रिकेट पाहत होता, आवाज मोठा ठेवून.

‘मंग मले काहून सांगितलं?’ तो म्हणाला. ‘चार महिने नाही सांगितलं. आता कायले सांगून राहिली? मी काय करू याचं?’

त्याने कागद घडी करून परत दिला. मशीन संपल्यावर आम्ही परतीची बस धरली. मौद्याच्या पुढे त्याने हात पुढे केला.

‘पाणी दे.’

डायलिसिसच्या माणसाला दिवसाला मोजकं पाणी असतं. आमच्याकडे त्यासाठी खुणा केलेली बाटली आहे. त्या दिवसाचं दोन घोट उरलं होतं. मी झाकण उघडून दिली. त्याने ते दोन्ही घोट तोंडात धरून ठेवले, सावकाश गिळले आणि बाटली माझ्यापुढे धरली.

‘अजून.’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘आजचं झालं.’

त्याने बाटली तशीच धरून ठेवली. जवाहरनगरचा फाटा येईपर्यंत हात खाली घेतला नाही.